ज्यूरीच्या समन्समधली ‘व्हेनायरी’ : फॉर्म भरण्यापूर्वी वाचा

अमेरिकेतल्या कोर्टाच्या कागदात ‘व्हेनायरी’ दिसलं की ‘व्हेन्यू’ समजून ‘ठिकाण’ असा अर्थ घेतला जातो. तसं नाही. ज्यूरी, म्हणजे खटल्याचा निर्णय देणारे सामान्य नागरिक, निवडण्यासाठी बोलावलेली सगळी माणसं म्हणजे व्हेनायरी. समन्स आलं याचा अर्थ तुमची ज्यूरीवर निवड झाली, असा नव्हे.

मूळ शब्द लॅटिन ‘वेनीरे’, म्हणजे येणे. इंग्लंडमध्ये माणसं हजर करण्याचा शेरीफला निघणारा हुकूम ‘वेनीरे फाकियास’ म्हणून ओळखला जाई. पुढे हुकमाचं नाव बोलावलेल्या माणसांनाच चिकटलं. भाषेच्या कुळात संस्कृत ‘गम्’ हा ‘वेनीरे’चा सख्खा, म्हणून आपलं ‘आगमन’ही नात्यातलं. व्हेन्यूही फ्रेंचमार्गे त्याच घरातला, पण कोर्टात दोघांची गल्लत चालत नाही. व्हेन्यू बदलला की खटला दुसरीकडे जातो. व्हेनायरी बदलली की खटला तिथेच राहतो, ज्यूरी बाहेरून येते. २०१७ साली पेनसिल्व्हेनियात विनोदी अभिनेता बिल कॉस्बीवरचा खटला नॉरिसटाउनला चालला. ज्यूरी मात्र राज्याच्या दुसऱ्या टोकाच्या पिट्सबर्ग भागातून आणली होती.

व्हेनायरीतल्या लोकांना प्रश्न विचारून गाळतात, ते ‘व्वार डीर’. इथला ‘व्वार’ म्हणजे फ्रेंच ‘पाहणे’ नव्हे. तो लॅटिन ‘वेरुम’, म्हणजे ‘खरं’, यातून आला. फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टात मृत्युदंड नसलेल्या गंभीर गुन्ह्यात कारण न देता सरकार ६ जणांना आणि बचाव पक्ष १० जणांना वगळू शकतो. वंशावरून वगळायला सरकार पक्षाला १९८६ पासून आणि बचाव पक्षाला १९९२ पासून बंदी आहे. सबळ कारण दाखवून किती जणांना वगळायचं, याला मात्र मर्यादाच नाही.

आता फॉर्म, म्हणजे ज्यूरीसाठीची पात्रता तपासणारी प्रश्नावली. नावं मतदारयाद्यांतून घेतात, पुष्कळ ठिकाणी ड्रायव्हिंग लायसन्सच्या यादीतूनही. म्हणून ग्रीन कार्डवाल्यांनाही, म्हणजे नागरिक नसलेल्या कायम रहिवाशांनाही, तो येतो. फेकून देऊ नका. नागरिकत्वाच्या प्रश्नाला ‘नाही’ लिहून परत पाठवा. इथे चुकून ‘हो’ लिहिलं तर ज्यूरीपेक्षा इमिग्रेशनचं लचांड मोठं होतं. फेडरल फॉर्म १० दिवसांत परत करायचा असतो. वय किमान १८, त्या कोर्टाच्या डिस्ट्रिक्टमध्ये (हद्दीत) वर्षभर वास्तव्य आणि फॉर्म भरण्याइतकं इंग्रजी, या अटी आहेत. आई-वडिलांना भरता येत नसेल तर मुलांनी भरावा, पण आपण भरला आणि का भरला, हे त्यावर लिहायलाच हवं. समन्स मिळूनही सबळ कारणाशिवाय गैरहजर राहिल्यास १,००० डॉलरपर्यंत दंड किंवा ३ दिवसांपर्यंत कैद होऊ शकते. राज्यांच्या कोर्टांचे नियम वेगळे असतात; समन्सवर कोणतं कोर्ट आहे ते आधी बघा.

फॉर्मचं आमचं मराठी भाषांतर तुम्हाला समजण्यापुरतं आहे. कोर्टाकडे मूळ इंग्रजी फॉर्मच सहीनिशी पाठवा.