आशियाई महिला रग्बी सेव्हन्स : जिमखान्याच्या फाटकाबाहेर वाढलेला खेळ

ऑक्टोबर २०२४ मध्ये काठमांडूत आशिया रग्बी सेव्हन्स ट्रॉफीच्या, म्हणजे सात-सात जणींच्या रग्बी स्पर्धेच्या, अंतिम सामन्यात भारतीय मुली फिलिपिन्सकडून ५-७ अशा हरल्या. हा निकाल नीट वाचायला हवा. प्रतिस्पर्ध्यांच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ‘ट्राय’ होतो आणि ५ गुण मिळतात. त्यानंतर दोन उंच खांबांच्या मधून, आडव्या दांड्यावरून चेंडू लाथाडला तर आणखी २. सेव्हन्समध्ये ही किक ‘ड्रॉप किक’च असावी लागते : चेंडू हातातून सोडायचा आणि जमिनीला लागून उसळतो त्याच क्षणी मारायचा. धापा टाकत असताना, ३० सेकंदांच्या आत. म्हणजे काठमांडूत ट्राय दोन्ही संघांचा एक-एकच होता. सुवर्ण आणि रौप्य यांच्यात अंतर होतं ते एका किकचं.

आशियातल्या महिला रग्बीत हे वारंवार घडत आलं आहे. २०१८ च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत जपानने चीनला हरवलं तेही ७-५ असंच. त्याआधी इंचॉनला, २०१४ मध्ये, चीनने जपानवर १४-१२ अशी मात केली होती. २०२३ मध्ये हांगझोऊच्या अंतिम सामन्यात चीन २२, जपान २१. तिन्ही सुवर्णपदकं मिळून फरक पाच गुणांचा, म्हणजे जेमतेम एका ट्रायइतका!

सात जणांचा हा खेळ १८८३ मध्ये स्कॉटलंडमधल्या मेलरोझ गावात सुरू झाला. तिथला खाटीक नेड हेग याने क्लबसाठी पैसे उभे करायला ही छोटी स्पर्धा सुचवली. खेळाडू पंधराचे सात झाले, पण मैदान तेवढंच राहिलं : साधारण १०० मीटर लांब आणि ७० मीटर रुंद. सात-सात मिनिटांचे दोन डाव, मध्ये दोन मिनिटांची विश्रांती. ऐकायला थोडं वाटतं, पण एवढ्या मोकळ्या मैदानावर एखादी टॅकल, म्हणजे चेंडू घेऊन पळणारीला पकडून पाडणं, हुकली की पुढे अडवायला कुणीच उरत नाही. कबड्डीत पकड सुटल्यावर चढाईपटू मध्यरेषेकडे झेपावते, तसंच हे. फक्त इथे तिला पन्नास-साठ मीटर पळायचं असतं. बारा जणींत पथक पूर्ण होतं, ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली. ज्या देशांत पंधरा जणींचा संघ आणि वर राखीव खेळाडू उभे करणं अवघड होतं, त्यांना यातून वाट मिळाली.

आशियात रग्बी आली ती साम्राज्याच्या वाटेने. १८७२ च्या नाताळात कलकत्त्यात सामना झाला, त्यातून तिथला क्लब निघाला. १८७८ मध्ये तो बंद पडला तेव्हा शिलकीतले चांदीचे रुपये वितळवून एक चषक घडवला गेला. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही त्याच ‘कलकत्ता कप’साठी खेळतात. मुंबईत या खेळाचं घर म्हणजे बॉम्बे जिमखाना. हाँगकाँग, कोलंबो, सिंगापूर सगळीकडे चित्र हेच : गोऱ्यांचा क्लब, लष्कर, मग मोठ्या शाळा. १९६८ मध्ये आठ देशांनी बँकॉकमध्ये आशियाई रग्बी संघटना स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी टोकियोत पुरुषांची पहिली स्पर्धा झाली.

माझ्या मते महिला रग्बीचा आशियाई इतिहास वेगळा लिहायला हवा, कारण त्याचा नकाशाच वेगळा आहे. त्यात कझाकस्तान आहे, चीन आहे, थायलंड आहे. हे देश काही इंग्रजांच्या जिमखान्यांतून रग्बी शिकले नाहीत.

१९९१ मध्ये वेल्समध्ये महिलांचा पहिला विश्वचषक झाला, तेव्हा आशियातून जपान गेला होता. त्याच स्पर्धेत सोव्हिएत संघाच्या मुली जवळपास रिकाम्या खिशाने कार्डिफला पोहोचल्या आणि सोबत आणलेली व्होडका रस्त्यावर विकून त्यांनी खर्च भागवायचा प्रयत्न केला. ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली जाते. मला मात्र ती वाचताना गलबलून येतं. विश्वचषक खेळायला आलेल्या बायकांना जेवणाच्या पैशांची विवंचना होती. वर्ष संपता संपता सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि १९९४ च्या विश्वचषकात कझाकस्तान स्वतःच्या नावाने उतरला. पुढे बरीच वर्षं आशियात त्यांचाच दबदबा राहिला.

सेव्हन्सच्या बाबतीत पहिलं मोठं वळण म्हणजे १९९७ ची हाँगकाँगची स्पर्धा. तिथे महिलांचे राष्ट्रीय संघ सेव्हन्ससाठी एकत्र आले, जिंकलं न्यूझीलंड. पण खरा पालट झाला २००९ मध्ये. मार्चमध्ये दुबईत सेव्हन्सच्या विश्वचषकात महिलांना प्रथमच जागा मिळाली. ९ ऑक्टोबरला कोपनहेगनमध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१६ च्या रिओ ऑलिंपिकसाठी सेव्हन्सला मंजुरी दिली, पुरुष आणि महिला दोन्ही गटांत. ऑलिंपिक म्हटलं की सरकारी तिजोऱ्या उघडतात. चीनने तर इतर खेळांतल्या वेगवान मुली हेरून रग्बीकडे वळवल्या. आशियाई क्रीडा स्पर्धेत पुरुषांचं सेव्हन्स १९९८ पासून होतं. महिलांना बारा वर्षं थांबावं लागलं. २०१० मध्ये ग्वांगझूला त्यांना प्रवेश मिळाला. सुवर्ण कझाकस्तानला, रौप्य चीनला, कांस्य थायलंडला.

भारतीय महिला संघाची सुरुवातही २००९ चीच. लगेच पुढच्या वर्षी तो ग्वांगझूला खेळला. ऑक्टोबर २०१२ मध्ये आशियाई महिला सेव्हन्स स्पर्धा पुण्यात बालेवाडीला झाली आणि मॉस्कोच्या २०१३ च्या विश्वचषकासाठी आशियातले संघ तिथे ठरले. पुण्याचं आणि या संघाचं नातं जुनं आहे. नेहा परदेशी, वाहबिझ भरुचा या कर्णधार पुण्याच्याच. २०१८ मध्ये भारतीय महिला प्रथम पंधरा जणींचा आंतरराष्ट्रीय सामना खेळल्या, तेव्हा नेतृत्व वाहबिझकडे होतं.

पण संघाचा कणा आता दुसरीकडून येतो. भुवनेश्वरच्या कलिंगा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस या निवासी शाळेत ओडिशाच्या आदिवासी पाड्यांवरची मुलं शिकतात. सुमित्रा नायक, हुपी माझी, डुमुनी मरांडी तिथे घडल्या. २०१९ मध्ये मनिलात सिंगापूरविरुद्ध सुमित्राच्या शेवटच्या मिनिटांतल्या पेनल्टीने भारताला २१-१९ असा पंधरा जणींच्या खेळातला पहिला विजय मिळाला. संध्या राय उत्तर बंगालमधल्या सरस्वतीपूर चहामळ्याची. स्वीटी कुमारी बिहारच्या बाढची, तर श्वेता शाही नालंदा जिल्ह्यातली. धावपटू असलेल्या श्वेताने रग्बीचे पहिले धडे यूट्यूबवर व्हिडिओ बघून गिरवले. आपल्याकडे कोल्हापूरची कल्याणी पाटील आहे. यांतल्या कुणाच्याही घरात रग्बी नव्हती.

आजची स्पर्धा पायऱ्यांची आहे. वरची पायरी म्हणजे आशिया सेव्हन्स सीरिज. खालची म्हणजे ट्रॉफी, जिथून वर चढायचं असतं. भारताने २०२२ मध्ये जकार्तात ट्रॉफीचं रौप्य जिंकलं. पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत हाँगकाँगकडून ०-३८ आणि जपानकडून ०-४५ असे पराभव पत्करावे लागले. दोन पायऱ्यांमधलं अंतर किती आहे ते या आकड्यांतून कळतं. जपानच्या मुली वर्षभर एकत्र सराव करतात, जागतिक मालिकेत खेळतात. असा अनुभव नुसत्या जिद्दीने भरून निघत नाही; त्यासाठी सामने लागतात, दरवर्षी आणि भरपूर. म्हणूनच काठमांडूचं ५-७ मला मोलाचं वाटतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांखालच्यांची आशियाई सेव्हन्स स्पर्धा बिहारमध्ये राजगीरला झाली. भारतीय मुलींनी कांस्यपदक मिळवलं. राजगीर नालंदा जिल्ह्यात येतं. जिथे श्वेताला खेळ समजून घ्यायला मोबाइलचा पडदा शोधावा लागला होता, तिथल्या मुलींनी या वेळी चीन आणि हाँगकाँगचे संघ मैदानाच्या कडेला उभं राहून पाहिले.