टाकी भरलेली, लिंबोणी सुकलेली

कुंडीच्या तळाची टाकी काठोकाठ भरलेली होती. पाण्याची पातळी दाखवणारी तरंगती काडी पूर्ण वर आलेली होती. आणि त्याच कुंडीतली लिंबोणी मान टाकून उभी होती. दोन वर्षं हीच लिंबोणी इथेच फुलली, फळली. तिसऱ्या वर्षी पानं मऊ पडली, पिवळी होऊन गळू लागली. पाणी कमी पडत असेल असं वाटून घरात कुणी ना कुणी वरूनही पाणी घालत राहिलं. शेवटी मी झाड कुंडीतून बाहेर काढलं. वरची वीतभर माती भुसभुशीत होती. तिच्याखालची मात्र काळी, चिकट आणि कुजक्या अंड्यासारखा वास मारणारी. खालचं एक मूळ चिमटीत धरून हलकेच ओढलं, तर साल बोटांत निघून आली आणि आतला केसासारखा धागा तेवढा लोंबत राहिला.

सेल्फ-वॉटरिंग, म्हणजे तळाच्या टाकीतून आपोआप पाणी घेणारी कुंडी म्हटली की आपण सगळे पाण्याचाच विचार करतो. पाणी मुळांपर्यंत पोचवणं हे या कुंडीचं सोपं काम आहे. अवघड काम आहे ते मुळांसाठी हवा शिल्लक ठेवण्याचं. शेतकऱ्यांकडे यासाठी एक नेमका शब्द आहे: वाफसा. जमीन ओली तर आहे, पण तिच्यात हवाही खेळते आहे, ती अवस्था. चांगली सेल्फ-वॉटरिंग कुंडी म्हणजे कायम वाफशावर असलेली माती. वाईट कुंडी म्हणजे डबकं.

रचना साधी असते. तळाशी टाकी, तिच्यावर भोकं पाडलेला खोटा तळ, टाकीत पाणी ओतायला एक उभा पाइप. खोट्या तळातून मातीचे एक-दोन ‘पाय’ टाकीत उतरलेले असतात आणि पाणी त्यांच्यातूनच वर चढतं. शिवाय टाकीच्या बाजूला, खोट्या तळाच्या दोन-तीन सेंटिमीटर खाली, जादा पाणी बाहेर सोडणारं भोक. हे भोक नसेल किंवा बुजलं असेल, तर एका मोठ्या पावसात टाकी आणि माती एक होतात.

आता पाणी वर का चढतं ते पाहू, कारण सगळी गोम तिथेच आहे. दिव्याची वात तेल ओढते तेच हे केशाकर्षण. पाण्याचे रेणू मातीच्या कणांना चिकटतात, एकमेकांनाही धरून ठेवतात, आणि अरुंद फटीतून पाण्याचा पृष्ठभाग वर ओढला जातो. नळी जितकी बारीक तितकं पाणी उंच चढतं, हा नियम जेम्स ज्युरिन या इंग्रज शास्त्रज्ञाने १७१८ साली मांडला. आकडेमोड तोंडी करता येते. नळीचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या आणि ३० ला त्याने भागा. येणारं उत्तर म्हणजे पाणी किती मिलिमीटर चढेल. व्यास १ मिलिमीटर असेल तर पाणी ३ सेंटिमीटर चढतं, ०.१ मिलिमीटर असेल तर ३० सेंटिमीटर.

माती म्हणजे अशा वेड्यावाकड्या नळ्यांचं जाळं. टाकीतल्या पाण्याच्या पातळीपासून १० सेंटिमीटर वर गेलात की ०.३ मिलिमीटरपेक्षा रुंद पोकळ्यांना पाणी धरून ठेवता येत नाही. तिथे हवा असते. ३० सेंटिमीटरवर ०.१ मिलिमीटरपेक्षा रुंद पोकळ्याही रिकाम्या होतात. म्हणजे कुंडीत तळापासून वर ओलाव्याचा एक जिना तयार होतो. अगदी खाली सगळ्या पोकळ्या पाण्याने भरलेल्या, वर जाऊ तशी हवेची जागा वाढत गेलेली. मुळांना वरची ही अर्धवट ओली माती पुरते का? आरामात पुरते. बहुतेक पिकं साधारण १५० मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतक्या ओढीपर्यंत मातीतून पाणी खेचू शकतात. कुंडीतल्या ३० सेंटिमीटरची त्यापुढे काय मातब्बरी!

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर भांडी घासायचा एक आयताकृती स्पंज घ्या. पाण्यात पूर्ण भिजवा, न पिळता उचला आणि आडवा धरा. ठिबकणं थांबेपर्यंत थांबा. मग तोच स्पंज लांब कडेवर उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल. ते थांबलं की आखूड कडेवर उभा करा. आणखी पाणी पडेल! स्पंज तोच, छिद्रं तीच. प्रत्येक वेळी तळाशी ठरावीक उंचीपर्यंत पाणी अडून राहतं आणि त्याच्या वरचं निसटतं. स्पंज जितका उंच, तितका त्याचा कमी हिस्सा चिंब राहतो. त्यामुळे उथळ, पसरट कुंडीत फळझाड लावणं मला पटत नाही. तेवढ्याच मातीची उंच कुंडी झाडाला जास्त हवा देते.

कुंडीच्या तळाशी खडे घातले की निचरा चांगला होतो, हा समजही इथेच गळून पडतो. बारीक पोकळ्यांमधलं पाणी खालच्या रुंद पोकळ्यांमध्ये सहजासहजी उतरत नाही. खड्यांच्या लगेच वरची माती चिंब होईपर्यंत ते तिथेच अडून राहतं. खडे घातल्याने चिंब थर नाहीसा होत नाही, तो तेवढाच वर सरकतो आणि मुळांची जागा कमी होते. सेल्फ-वॉटरिंग कुंडीत तर टाकी आणि माती यांच्यामध्ये खड्यांचा सलग थर आला की पाण्याची वर चढायची वाटच तुटते.

बागेतली चिकणमाती जमिनीत उत्तम आणि कुंडीत घातक का, तेही याच हिशोबातून कळतं. ०.०३ मिलिमीटरच्या पोकळीत पाणी एक मीटर चढतं, आणि चिकणमातीतल्या पोकळ्या याहूनही कितीतरी बारीक असतात. जमिनीत खाली कित्येक मीटर माती असते, ती वरचं पाणी ओढून घेते. शिवाय गांडुळांची बिळं असतात, भेगा असतात. चाळीस सेंटिमीटरच्या कुंडीत यातलं काहीच नाही, त्यामुळे चिकणमाती वरपर्यंत चिंब राहते.

पण माझ्या लिंबोणीने दोन वर्षं तक्रार केली नव्हती, मग तिसऱ्या वर्षीच का बिघडलं? खूण समोरच होती: माती कुंडीच्या काठापासून चार बोटं खाली बसली होती. मी मिश्रणात निम्मं कंपोस्ट घातलं होतं. जिवाणू आणि बुरश्या कंपोस्ट खात राहतात, भरड तुकड्यांचा भुगा होतो, पोकळ्या अरुंद होत जातात. पोकळ्या ०.३ वरून ०.१ मिलिमीटरवर आल्या की चिंब थर १० सेंटिमीटरवरून ३० पर्यंत चढू शकतो. कुंडी तीच, टाकी तीच, आतलं पाणी मात्र हळूहळू वर सरकत आलं. टोमॅटो किंवा मिरचीला हे कधी भोवत नाही, कारण हंगाम संपला की आपण माती बदलतो. फळझाड वर्षानुवर्षं तिथेच असतं.

चिंब थरातलं मूळ गुदमरतं. ऑक्सिजन हवेतून जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजारपट सावकाश तो पाण्यातून पसरतो. श्वास कोंडला की मुळांच्या पेशींमधला द्रव आम्लधर्मी होतो आणि पाणी आत घेणारी ॲक्वापोरिन नावाची प्रथिनांची दारं मिटतात. त्यामुळे पाण्यात उभं असलेलं झाड तहानेने सुकतं आणि आपण त्याला आणखी पाणी घालतो. लिंबूवर्गीय झाडांच्या मागे फायटॉप्थोरा हा मुळं कुजवणारा, बुरशीसारखा सूक्ष्मजीवही असतो. त्याचे बीजाणू साचलेल्या पाण्यात पोहत मुळांपर्यंत जातात. अंजिराचं झाड जास्त सोशिक असतं, पहिल्या प्रयोगासाठी मी तेच सुचवेन. आणि कुठलंही झाड बी लावून करू नका, कलमच आणा. बियांपासून वाढलेलं लिंबूवर्गीय झाड फळाला यायला कित्येक वर्षं घेतं.

‘एकदा भरा, महिनाभर विसरा’ अशा जाहिरातींवर विश्वास ठेवू नका. स्टीफन हेल्स या इंग्रज शास्त्रज्ञाने १७२४ साली कुंडीतल्या सूर्यफुलाच्या मातीवर शिशाचं झाकण बसवलं आणि झाडाचं पुन्हा पुन्हा वजन करून पाहिलं. दिवसाच्या बारा तासांत ते सरासरी अर्ध्या लिटरहून जास्त पाणी पानांतून उडवत होतं. फळांनी लगडलेलं झाड कडक उन्हात दोन लिटर पिऊ लागलं, तर दहा लिटरची टाकी पाच दिवसांत संपते. पाण्याला लोहचुंबक लावल्याने किंवा पौर्णिमेला रोप लावल्याने हा हिशोब बदलत नाही.

एक गोष्ट मात्र खरंच विसरली जाते. अशा कुंडीत पाणी फक्त वर जातं. त्यातले क्षार मागे राहतात आणि मातीच्या वरच्या थरात पांढरी पापडी धरते. लिटरमागे ३०० मिलिग्रॅम क्षार असलेलं पाणी रोज दोन लिटर दिलं, तर सहा महिन्यांत शंभर ग्रॅमहून जास्त क्षार कुंडीत येतात. झाड त्यातले थोडेच वापरतं. म्हणून दीड-दोन महिन्यांनी वरून भरपूर पाणी ओतून माती धुवावी आणि टाकीत उतरलेलं ते पाणी फेकून द्यावं.

लिंबोणीची कुजलेली मुळं मी कापली, तेवढ्याच प्रमाणात फांद्याही छाटल्या. नवं मिश्रण भरड केलं: झाडाच्या सालीचे तुकडे, परलाइटचे हलके सच्छिद्र दाणे, थोडं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि मूठभरच कंपोस्ट. पाणी चढायला हवं म्हणून फक्त पायांमध्ये नुसतं कोकोपीट दाबून भरलं, आणि सुरुवातीला सगळं वरून भिजवून घेतलं, कारण कोरड्या मिश्रणातून पाणी वर चढायला वेळ लागतो. आता काडी तळाला टेकली तरी मी लगेच टाकी भरत नाही. एक-दोन दिवस ती रिकामी राहते. मुळं खालच्या पोकळ्यांमधलं पाणी ओढून घेतात आणि त्या जागेत वरून हवा शिरते. मग मातीत दोन पेरं बोट खुपसून पाहतो. बोटाला गारवा लागला आणि माती चिकटली नाही, की पाइपमधून पाणी सोडतो.