आंबीचा थेंब आणि पाण्याचे चार रेणू

पौषात विदर्भातल्या हरभऱ्याच्या वावरात सकाळी अनवाणी शिरलं की पायाच्या भेगा चुरचुरतात. पानांवरच्या बारीक लवेतून झाड मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल बाहेर टाकतं, ते दवात मिसळतं, तीच आंब. रात्री पिकावर धुतलेलं पांढरं फडकं अंथरायचं, पहाटे पिळून काचेच्या बाटलीत भरायचं. पोटदुखीवर म्हणून ती जपून ठेवतात. धातूच्या भांड्यात मात्र ठेवायची नाही.

आम्लाला आपला गुण दाखवायला पाणी लागतं. रेणूतला हायड्रोजन इलेक्ट्रॉन मागे ठेवतो आणि नुसता प्रोटॉन होऊन पाण्याच्या रेणूला चिकटतो; शाळेत याला विचरण म्हणतात. पण पाणी लागतं म्हणजे किती? एका थेंबात एकावर एकवीस शून्यं इतके रेणू असतात. एवढ्या सगळ्यांची गरज आहे का?

मॅलिक आम्ल या प्रश्नाला सोयीचं नाही. ते सौम्य आहे, भरपूर पाण्यातही त्याचे बरेच रेणू प्रोटॉन सोडत नाहीत. म्हणून संशोधकांनी सोपा गडी धरला: हायड्रोजन क्लोराइड, अणू दोनच. कोरड्यात त्याचे प्रोटॉन आणि क्लोराइड वेगळे करायचे तर मोलमागे सुमारे १,३९५ किलोज्यूल ऊर्जा लागते, म्हणजे आपणहून तो तुटायचा नाही. संगणकावर त्याला पाण्याचा एकेक रेणू जोडत गेले आणि दर वेळी सर्वांत कमी ऊर्जेची रचना शोधली. तीन रेणूंपर्यंत तो अखंडच राहतो, बंध फक्त ताणला जातो. चौथा आला की प्रोटॉन सुटतो. एका टोकाला हायड्रोनियम, म्हणजे प्रोटॉन चिकटलेला पाण्याचा रेणू, दुसऱ्या टोकाला क्लोराइड, आणि दोघांना धरून मधे पाण्याचे तीन रेणू.

हे सगळं मिळून १४ अणू आणि ५८ इलेक्ट्रॉन. ऐकायला किरकोळ, पण प्रत्येक इलेक्ट्रॉन बाकी सगळ्यांना ढकलत असतो. अचूकतेसाठी नावाजलेल्या 'कपल्ड क्लस्टर' पद्धतीत रेणुसमूह दुप्पट केला की वेळ १२८ पट लागतो. एकेका इलेक्ट्रॉनच्या मागे न लागता त्यांच्या घनतेवरून हिशेब करणारी डीएफटी (डेन्सिटी फंक्शनल थिअरी) पद्धत बरीच स्वस्त पडते. तिच्यासाठी वॉल्टर कोन यांना १९९८चं नोबेल मिळालं. तिने हे गणित तालुक्याच्या कॉलेजातल्या साध्या लॅपटॉपवरही होतं, लाइन टिकली तर! प्रोटॉन हलका असल्यामुळे अतिथंडीतही थरथरत राहतो. ती थरथर हिशेबात धरली नाही, तर अखंड की तुटलेला अशा काठावरच्या रचनांचं उत्तर चुकू शकतं.

२००९ साली जर्मनीतल्या बोखुम इथे मार्टिना हॅवेनिथ आणि डोमिनिक मार्क्स यांच्या गटांनी हा प्रकार प्रत्यक्षात पाहिल्याचं जाहीर केलं. द्रव हेलियमचे सूक्ष्म थेंब, तापमान उणे २७२.८ अंश सेल्सिअस, आणि अवरक्त लेसरने घेतलेला वेध. इतक्या थंडीत उष्णतेची मदत शून्य. पाण्याचे रेणू येऊन जुळतात, तेवढ्यावरच विचरण घडतं.

मला या सगळ्यात जास्त आवडतो तो २०१९ मधला पुढचा प्रयोग. आधी हायड्रोजन क्लोराइड आणि मग एकेक पाणी, असं केलं तर हायड्रोनियमची खूण दिसली. क्रम उलटा करून, आधी पाण्याचे रेणू एकत्र येऊ दिले आणि मग हायड्रोजन क्लोराइड सोडलं, तर काहीच झालं नाही. पाण्याच्या रेणूंनी तोवर आपसात हात धरलेले असतात, आणि ते सोडवायला लागणारी ऊब तिथे नसते.