मऊ खेळणी आधी घरीच शिवली गेली

वाढदिवसाला स्वतः शिवलेला ससा द्यायचा, नाहीतर शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी वाघाचा पोशाख घरीच करायचा, असं ठरलं की पहिली शोधाशोध सुरू होते ती पॅटर्नची. कापड मिळतं, भरायला कापूस किंवा फायबर मिळतं, मशीन आपल्याकडे नसलं तरी शेजारी असतं. पण कोणता तुकडा किती आणि कसा कापायचा हे कळल्याशिवाय कात्री लावता येत नाही. आजच्या मऊ खेळण्यांचा इतिहासही अशाच एका छापील पॅटर्नपासून सुरू होतो आणि कारखाने त्याच्या मागून येतात. बहुतेक ठिकाणी ही गोष्ट उलट्या क्रमाने सांगितली जाते, म्हणून ती सुरुवातीपासून मांडतो.

कापडी बाहुल्या त्याआधी जगभर होत्याच. आपल्याकडेही जुन्या लुगड्याच्या चिंध्यांची बाहुली आजी नातीला करून द्यायची. मात्र ती नुसत्या अंदाजाने व्हायची. दुसऱ्या गावातल्या अनोळखी बाईला तशीच बाहुली करायची झाली तर काही सोय नव्हती. ही सोय एकोणिसाव्या शतकात झाली. सिंगर कंपनीने 1856 पासून शिवणयंत्रं हप्त्यांवर द्यायला सुरुवात केली आणि यंत्र सामान्य घरांत शिरलं. 1863 मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधले शिंपी एबेनेझर बटरिक यांनी वेगवेगळ्या मापांचे, पातळ कागदावरचे कपड्यांचे पॅटर्न विकायला काढले. बर्लिनहून 1865 पासून ‘डी मोडेनवेल्ट’ हे फॅशनचं नियतकालिक निघू लागलं. त्याच्यासोबत पॅटर्नचे मोठाले कागद घडी घालून येत. एकाच कागदावर अनेक कपड्यांच्या रेषा एकमेकींवरून गेलेल्या असत. हवी ती रेषा शोधून दुसऱ्या कागदावर गिरवून घ्यायची.

हे नियतकालिक वाचणाऱ्यांत दक्षिण जर्मनीतल्या गिंगेन गावची मार्गारेटे श्टाईफ होती. तिचा जन्म 1847 चा. दीड वर्षाची असताना पोलिओ झाला; पाय कायमचे गेले, उजव्या हातातही जोर उरला नाही. तरी ती शिवण शिकली. यंत्राचं चाक उजव्या हाताने फिरवणं जमेना, तेव्हा तिने यंत्रच उलट्या बाजूने फिरवून ठेवलं आणि चाक डाव्या हाताने चालवलं. गावात लोकर दाबून केलेल्या फेल्ट या कापडाचा कारखाना होता. त्या कापडाचे परकर आणि इतर कपडे शिवून विकायचं दुकान तिने 1877 मध्ये काढलं. डिसेंबर 1879 मध्ये ‘मोडेनवेल्ट’मध्ये एका छोट्या कापडी हत्तीचा पॅटर्न आला. तिने त्यावरून फेल्टचे हत्ती शिवले, आत लोकर भरली आणि टाचण्या टोचून ठेवायची उशी म्हणून नातेवाइकांना, मैत्रिणींना भेट दिले. त्या घरांतल्या मुलांनी टाचण्या बाजूला सारल्या आणि हत्ती खेळायला घेतले. 1886 साली असे पाच हजारांहून जास्त हत्ती विकले गेले.

इथे कापडाचा गुण समजून घ्यायला हवा. फेल्ट विणलेलं नसतं. लोकर ओलावा, उष्णता आणि दाबाने एकमेकींत घट्ट बसवलेली असते. त्यामुळे कापलेल्या कडेचे धागे सुटत नाहीत, कड दुमडावी लागत नाही, आणि बोटभर लांबीचा कानसुद्धा नीट कापता येतो. चार पायांचं खेळणं शिवताना डाव्या आणि उजव्या अंगाचे दोन तुकडे लागतातच. पण ते उभं राहतं पोटाखालच्या तिसऱ्या तुकड्यामुळे. पायांच्या आतल्या बाजू या तुकड्याला जोडलेल्या असतात. तो विसरला तर प्राणी पापडासारखा चपटा होतो. पोटाच्या शिवणीत थोडी जागा उघडी ठेवायची, भरण आधी सोंडेत आणि पायांत दाबून बसवायचं, धड शेवटी, आणि मग ते तोंड हाताने टाके घालून बंद करायचं. आजही मऊ खेळणं असंच होतं.

अस्वलाची कथा बरीच सांगून झाली आहे, म्हणून थोडक्यात. नोव्हेंबर 1902 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी मिसिसिपीत शिकारीच्या वेळी झाडाला बांधलेल्या अस्वलावर गोळी झाडायला नकार दिला. त्यावर वर्तमानपत्रात व्यंगचित्र आलं, आणि न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या मिचटम दांपत्याने आपल्या मिठाईच्या दुकानात हाताने शिवलेलं ‘टेडी’चं, म्हणजे थिओडोरच्या टोपणनावाचं, अस्वल मांडलं. त्याच सुमारास मार्गारेटेचा पुतण्या रिशार्ड याने मोहेर प्लशचं, म्हणजे अंगोरा शेळीच्या केसांच्या लवदार कापडाचं, हातपाय हलणारं अस्वल तयार केलं. 1903 च्या लाइपझिग जत्रेत एका अमेरिकी व्यापाऱ्याने तीन हजार नग मागवले. 1907 मध्ये श्टाईफ कंपनीने पावणेदहा लाखांच्या आसपास अस्वलं बनवली. हा आकडा सगळे सांगतात. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो याच वर्षीचा दुसरा आकडा: कारखान्यात सुमारे 400 कामगार होते आणि आपापल्या घरी बसून काम करणारे सुमारे 1800. जगातला सर्वांत नावाजलेला खेळण्यांचा कारखाना त्या काळी घरच्या शिवणावरच चालत होता.

अमेरिकेत कंपन्यांनी याच्या पुढची वाट काढली. नॉर्थ ॲडम्सच्या आर्नल्ड प्रिंट वर्क्सने 1892 मध्ये मांजराचं चित्र थेट सुती कापडावर छापून दहा सेंटला विकायला आणलं. चित्र कापायचं, शिवायचं, भरायचं, झालं मांजर. चाळीस वर्षांनी मिकी माउसचंही तसंच झालं. लॉस एंजलिसच्या शार्लट क्लार्क या बाईंनी 1930 मध्ये मिकीची पहिली बाहुली शिवली. पुढे व्यंगपटकार म्हणून नाव काढलेला त्यांचा भाचा बॉब क्लॅम्पेट याने थिएटरात बसून मिकीची रेखाटनं केली होती. डिस्नीला बाहुली पसंत पडली, मागणी वाढली आणि हातांना पुरेना. मग 1932 मध्ये शिवणाचे पॅटर्न छापणाऱ्या मॅकॉल कंपनीने मिकीचा पॅटर्नच बाजारात आणला आणि ज्याला हवा त्याने घरी शिवावा अशी सोय झाली.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये जून 1941 पासून कपड्यांचं रेशनिंग आलं, ते 1949 पर्यंत चाललं. खेळण्यांसाठी माल मिळेना. जुने कोट, मोजे, उसवलेल्या स्वेटरची लोकर यांतून नाताळच्या भेटी झाल्या.

पोशाखांची वाटही निराळी नाही. जुलै 1939 मध्ये न्यूयॉर्कला विज्ञानकथांच्या चाहत्यांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं. तिथे फॉरेस्ट ॲकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघेच भविष्यकाळातल्या माणसांच्या वेषात आले होते, आणि दोन्ही पोशाख मर्टलने शिवले होते. पुढच्याच वर्षी शिकागोच्या संमेलनात वेशभूषेचा खास कार्यक्रम झाला. आज मुंबईच्या कॉमिक कॉनमध्ये फोम शीट आणि ग्लू गनने चिलखत करून येणारी मुलं त्याच परंपरेतली आहेत, आणि त्यांचं काम मन लावून पाहण्यासारखं असतं.

आपल्याकडे सुट्टीतल्या सॉफ्ट टॉइजच्या क्लासमध्ये बाई पुठ्ठ्याचे पॅटर्न देत, ते फरच्या उलट्या बाजूवर खडूने गिरवायचे. आता तेच पॅटर्न पीडीएफच्या रूपात जगातल्या कुणाकडूनही मिळतात. अशा बहुतेक पीडीएफच्या पहिल्या पानावर ठरावीक मापाचा एक लहान चौकोन छापलेला असतो. प्रिंट काढल्यावर तो पट्टीने मोजायचा. माप बरोबर आलं तरच कापड पुढे ओढायचं.