चिंचेच्या रानातला लेमूर

मादागास्करच्या दक्षिणेत पाऊस मोजकाच. नद्यांच्या काठाने चिंचेची दाट राने, त्यापलीकडे काटेरी झुडपांचा रुक्ष मुलूख. काळ्या-पांढऱ्या वलयांच्या शेपटीचा रिंगटेल लेमूर, माकडांचा दूरचा नातलग, इथलाच. चिंचेला तिथे ‘किली’ म्हणतात, पण झाड आपल्या ओळखीचेच. कोरड्या महिन्यांत दुसरे फारसे काही पिकत नाही, तेव्हा चिंचा आणि चिंचेचा पाला यांवरच कळप तगतो.

याची किंमत दातांना मोजावी लागते. चिंचेचे टरफल टणक आणि लेमूरच्या दातांवरचे इनॅमल पातळ. बेझा महाफाली अभयारण्यातल्या अनेक लेमूरांचे दात पार झिजलेले किंवा पडलेले आढळले. तरीही ते जगतात, कारण खाण्याला जास्त वेळ देतात.

दोन-सव्वादोन किलोचा हा जीव ऊर्जा जपून वापरतो. थंड सकाळी हात पसरून, पोट उन्हाकडे करून बसतो तो अंग तापवायला. मादागास्करात मादी साधारण एप्रिलमध्ये माजावर येते, तेही जेमतेम काही तास. साडेचार महिन्यांनी, सप्टेंबरच्या सुमारास, पिल्लू जन्मते. ते आईचे दूध सोडू लागते तोवर पावसाने रान पालवलेले असते. हे गणित पावसाने चुकवले की मोठी हानी होते: १९९१-९२च्या दुष्काळात बेझा महाफालीत सुमारे ८० टक्के पिल्ले दगावली.

बेरेंटी अभयारण्यातली गोष्ट आपल्या शेतकऱ्यांना चटकन पटेल. तिथे गुरांच्या चाऱ्यासाठी सुबाभूळ लावली होती. तिचा कोवळा, प्रथिनयुक्त पाला लेमूरांनी भरपूर खाल्ला आणि त्यांचे केस झडू लागले. काहींच्या शेपट्या उघड्या पडल्या. दोष मिमोसिनचा. सुबाभळीतले हे द्रव्य केसांची वाढ थांबवते. काही रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात ते मोडणारे जिवाणू असतात, म्हणून ती बचावतात. तरीही गाई-म्हशींच्या चाऱ्यात सुबाभूळ साधारण एकतृतीयांशाच्या आतच ठेवायला सांगतात. लेमूरला रवंथाचे पोटच नाही.

प्राणिसंग्रहालयात संकट उलट्या बाजूने येते. माणसाने गोडीसाठी वाढवलेल्या केळी-द्राक्षांत साखर जास्त आणि तंतू कमी; त्यामुळे लठ्ठपणा येतो, पुढे मधुमेहही. दुसरा धोका लोहाचा. रानातल्या पाल्या-फळांतले टॅनिन हे तुरट द्रव्य लोह बांधून ठेवते, तर संत्र्या-मोसंब्यांतले क जीवनसत्त्व त्याचे शोषण वाढवते. टॅनिन कमी आणि क जीवनसत्त्व भरपूर, असा आहार वर्षानुवर्षे मिळाला तर यकृतात लोह साठू शकते. म्हणून जाणकार रखवालदार झाडपाला, भाज्या आणि तंतूयुक्त पेलेट (तयार खाद्याच्या गोळ्या) यांवर भर देतात, लिंबूवर्गीय फळे टाळतात आणि प्राण्याचे वजन नियमितपणे मोजतात. वजन चढू लागलेले डोळ्यांना उशिरा कळते, कारण दाट केसांत चरबी लपते.

खाणे काय, इतकेच ते कुठे ठेवले हेही महत्त्वाचे. लेमूरांच्या कळपात माद्यांचा वरचष्मा असतो. मादी हाताचा फटका मारून नराला बाजूला सारते. सगळे एकाच भांड्यात ठेवले तर वरच्या माद्या फळे वेचून घेतात आणि खालच्या दर्जाच्या नरांच्या वाट्याला उरलेसुरले येते. तेच अन्न बारीक चिरून, फांद्यांवर उंच-सखल, कळपातल्या प्राण्यांपेक्षा जास्त ठिकाणी विखरून ठेवले, तर एकट्या मादीला सगळ्या जागा अडवता येत नाहीत. शिवाय चढण्या-शोधण्यात वेळ जातो, जसा रानात जातो.