कावळा, फांदी आणि क्वांटम क्षेत्र

मे महिन्यात बेळगावावर वळीव उतरतो, येळ्ळूरच्या राजहंसगडामागे वीज लखलखते आणि त्याच क्षणी घरातले दिवे जातात. दिवे त्या विजेने गेले, की कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, यावर आमच्या गल्लीत दर उन्हाळ्यात वाद होतो.

क्वांटम क्षेत्र सिद्धान्त, म्हणजे क्वांटम यांत्रिकी आणि सापेक्षता यांची सांगड घालणारा कणांचा सिद्धान्त, या वादाच्या एकाच बाजूचा निवाडा करतो. समजा, खानापुरात कोणी मोटारीचे बटण दाबले आणि निपाणीत दिवा विझला. मधले सरळ अंतर नव्वदेक किलोमीटर. सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटर धावणाऱ्या प्रकाशालाही ते कापायला सुमारे ०.३ मिलिसेकंद लागतात. दोन्ही घटना त्याहून कमी अवधीत घडल्या असतील, तर आधी कोणती घडली हे पाहणाऱ्याच्या गतीवर ठरते, असे १९०५ सालापासूनचा सापेक्षता सिद्धान्त सांगतो. न्यायदर्शनाच्या मते कारण कार्याच्या नियमाने आधी असावे लागते. येथे तर ‘आधी’ हा शब्दच डळमळतो.

म्हणून सिद्धान्ताची अट अशी, की अशा दोन ठिकाणची मापने कोणत्याही क्रमाने केली तरी उत्तर बदलता कामा नये. ही अट स्वस्तात पाळली जात नाही. एकट्या इलेक्ट्रॉनचा हिशेब मांडला, तर प्रकाशाच्या मर्यादेबाहेरही तो सापडण्याची अंधूक शक्यता उरते. ती मीटरच्या दशअब्जांशाहूनही कमी अंतरात विरते, पण शून्य नसते. प्रतिकणाचा, म्हणजे तेवढ्याच वस्तुमानाच्या पण उलट विद्युतभाराच्या जोडीदाराचा, वाटा मिळवला की मापनांच्या क्रमाने पडणारा फरक पूर्णपणे खोडला जातो. तो प्रतिकण, पॉझिट्रॉन, कार्ल अँडरसन यांना १९३२ साली वैश्विक किरणांत सापडला.

तरीही दूरच्या मापनांत मेळ आढळतो. अ‍ॅलन आस्पे यांनी १९८२ साली प्रकाशकणांच्या जोड्यांवर तो दाखवला आणि २०२२ च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता. हा मेळ कावळा-फांदीसारखा योगायोग नव्हे, पण त्यातून निरोपही धाडता येत नाही. मापनांच्या क्रमाने उत्तर बदलू नये या वरच्या अटीला ‘सूक्ष्म कार्यकारणता’ म्हणतात. मला ते नाव जरा मोठे वाटते, कारण ती फक्त कोण कोणाला निरोप देऊ शकत नाही एवढेच सांगते, आणि भूत-भविष्य तिला सारखेच.

गडामागच्या विजेचा प्रकाश आमच्या घरी सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आतच पोहोचतो, त्यामुळे तेथे अट गप्पच राहते; दिवे कशाने गेले, हे खांबावर चढलेल्या लाइनमनलाच विचारावे लागते.