मामींच्या संदुकीतली तिकिटं

अंबाजोगाईला मामींच्या वाड्याची वाटणी झाली तेव्हा भांडी, देव, पितळेची गंगाळं सगळं वाटलं गेलं. एक लोखंडी संदूक मात्र कुणालाच नको होती, ती मामींकडं राहिली. आत आजोबांचे कोर्टाचे कागद, शे-दीडशे लिफाफे आणि शाळेच्या वहीत चिकटवलेली टपालाची तिकिटं. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, म्हणजे मला यातलं कळत असणार असं मामींनी धरूनच चाललं होतं. "ह्यातलं एखादं लाखाचं निघालं तर माळवद पाडून स्लॅब टाकता येईल का रे?"

प्रश्न गैर नव्हता. तिकिटं लाखाची निघतात. १९४८ साली गांधीजींच्या स्मरणार्थ निघालेल्या दहा रुपयांच्या तिकिटांपैकी फक्त १०० तिकिटांवर सरकारी वापरासाठी 'सर्व्हिस' असं छापलं होतं. त्यातल्या एकमेकांना जोडलेल्या चार तिकिटांच्या एका पट्टीला २०१७ मध्ये पाच लाख पौंड मिळाले. आणि नेमकं गांधीजींचं दहा रुपयांचं तिकीट, बिनछापाचं का होईना, मामींच्या वहीत होतं. मोबाइलवर फिरणारे मेसेज वाचून भाच्यानं ते आधीच वेगळं काढून ठेवलं होतं.

मी दहापट मोठं दाखवणारं भिंग लावलं आणि माझाच उत्साह मावळला. मूळ तिकीट स्वित्झर्लंडमध्ये कूर्व्हाझिए छापखान्यात फोटोग्राव्हर पद्धतीनं छापलेलं आहे. यात धातूच्या रुळावर अतिबारीक खळगे कोरलेले असतात, खोल खळग्यात जास्त शाई आणि उथळ खळग्यात कमी. त्यामुळं गालावरची सावली सलग उतरत जाते. तपकिरी रंग हवा तर तपकिरीच शाई भरलेली असते. मामींच्या तिकिटावर तो तपकिरी रंग निळ्या, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या ठिपक्यांची खिचडी करून आणला होता. घरातल्या कुठल्याही लग्नपत्रिकेवरचा गणपती भिंगाखाली धरा, हेच ठिपके दिसतील. वहीत ते तिकीट कुणी आणि कधी चिकटवलं, हे मी विचारलं नाही. भाचा तिथंच उभा होता.

दुसरी परीक्षा गल्लीतल्या किराणा दुकानात झाली. नोटा तपासायचा जांभळा दिवा तिथं असतो, म्हणजे अतिनील किरणांचा. पूर्वी धोतरं पांढरीशुभ्र दिसावीत म्हणून शेवटच्या पाण्यात टिनोपॉल टाकायचे, ते आठवतंय? ते रसायन डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून घेतं आणि तीच ऊर्जा निळसर प्रकाशाच्या रूपानं बाहेर टाकतं, म्हणून पिवळट कापड पांढरं भासतं. (नीळ वेगळी. ती नुसता रंग आहे, चमकत नाही.) दुसऱ्या महायुद्धानंतर याच जातीची रसायनं कागदाच्या लगद्यातही पडायला लागली. त्यामुळं १८७०चं म्हणून दाखवलेलं तिकीट या दिव्याखाली निळंशार उजळलं तर कागद अलीकडचा असल्याचा दाट संशय घ्यावा. उलटं मात्र खरं नाही, न उजळणारा कागद मिळवणं लबाडाला अवघड नसतं. शिवाय कपड्याच्या पावडरच्या पाण्यात भिजलेलं अस्सल तिकीटही चमकतं, कारण त्या पावडरीत हेच द्रव्य असतं. गांधीजी दिव्याखाली ट्यूबलाइटसारखे उजळले. दुकानदार म्हणाला, "सर, नोट असती तर घेतली नसती."

कागदातला जलचिन्हाचा (वॉटरमार्कचा) छाप कसा दिसतो हे समजून घ्यायला भज्यांचा कागद पुरे. तेल लागलेल्या जागी कागद अर्धपारदर्शक होतो, कारण कागदाच्या तंतूंमध्ये अडकलेली हवा तेलानं हटवलेली असते. तंतू आणि हवा यांच्या सीमेवर प्रकाश विखुरतो म्हणून कागद पांढरा दिसतो. हवेऐवजी तेल आलं की त्याचं विखुरणं कमी होऊन तो बराचसा आरपार जातो. जलचिन्ह उमटलेल्या जागी कागद पातळ असतो. जाणकार तिकीट काळ्या बशीत पालथं ठेवून लगेच उडून जाणाऱ्या द्रवाचे दोन थेंब टाकतात, मग पातळ भाग काळा उठून दिसतो. व्हिक्टोरिया राणीच्या काही तिकिटांत असा हत्तीच्या डोक्याचा छाप सापडतो. घरी पेट्रोल वापरून हा प्रयोग करू नका. उजेडाकडं धरून पुष्कळदा काम भागतं.

आता तिकिटाच्या कडेचे दाते. दोन सेंटिमीटरमध्ये किती छिद्रं बसतात, तो आकडा म्हणजे दात्यांचं माप. आपल्या मराठवाड्याशी जवळीक असलेलं उदाहरण घ्या. निझामाच्या टपालाचं पहिलं तिकीट १८६९चं, एक आण्याचं, हिरवट रंगाचं. त्याचे दाते साडेअकरा. पुढं १८८०च्या सुमारास त्याची पुनर्मुद्रणं निघाली, त्यांचे दाते साडेबारा. चित्र तेच, फरक एका दात्याचा. निझामाची तिकिटं आपण परकी समजतो, पण १९३१च्या मालिकेतल्या आठ आण्यांच्या तिकिटावर अजिंठ्याचं प्रवेशद्वार आहे आणि एक रुपयाच्या तिकिटावर दौलताबादचा मिनार.

मामींच्या वहीत याच मालिकेतली चारमिनारची एक आण्याची तिकिटं पंधरा-वीस होती. ही अमाप छापली गेली आणि अमाप उरली, सुटं तिकीट चहाच्या भावात मिळतं. वय ऐंशीच्या पुढं असून ही गत. भाव ठरतो तो किती उरलीत आणि किती जणांना हवीत यावर, आणि त्यानंतर तिकिटाच्या प्रकृतीवर. दाता तुटलेला, पाठ खरवडलेली, तपकिरी ठिपके पडलेले, की भाव कोसळलाच. ते ठिपके बहुधा बुरशीचे असतात. माळवदाच्या घरात पावसाळ्यात भिंती ओल धरतात, जुन्या तिकिटाच्या पाठीवरचा डिंक बाभळीच्याच जातकुळीचा, तो हवेतली ओल पितो, आणि बुरशीचं आयतंच जेवण होतं. उन्हाळ्यात तोच डिंक सुकून आक्रसतो आणि तिकिटाची सुरनळी होते. चिकटपट्टी तर लावूच नये. तिचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो आणि परत निघत नाही.

लिफाफ्यांकडं मात्र मी सावकाश वळलो, कारण तिथं माझी जुनी चूक होती. दहा वर्षांचा असताना याच संदुकीतल्या मूठभर लिफाफ्यांची तिकिटं मी कातरीनं कापून परातीत भिजत घातली होती. सुटलेली तिकिटं वर्तमानपत्रावर वाळवली आणि लिफाफे बंबात घातले. रुपयाचं तिकीट राखलं आणि शंभराचा कागद जाळला, असं आज वाटतं. कारण सुटं तिकीट फक्त कुठल्या मालिकेतलं ते सांगतं. लिफाफ्यावर शिक्का, तारीख, मार्ग, कुणी कुणाला लिहिलं, हे सगळं एका जागी असतं.

वाचलेल्यांतला एक असा. बदामी रंगाचा लिफाफा, डाव्या कडेला कसरीनं खाल्लेला, वर चारमिनारचं तिकीट. काळा उर्दू शिक्का निम्मा तिकिटावर आणि निम्मा कागदावर, वळणाची रेघ दोन्हीवर अखंड. तिकीट नंतर चिकटवलेलं नाही, याची ही खूण. पत्ता मराठीत, 'मु. मोमिनाबाद'. अंबाजोगाईचं निझामाच्या काळातलं सरकारी नाव ते. आतल्या मोडी चिठ्ठीवर फसली १३५२, म्हणजे निझामाच्या राज्यात चालणारं महसुली साल. दख्खनी फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १९४२-४३.

निझामाचं तिकीट संस्थानाच्या हद्दीपुरतंच चालायचं. पुण्या-मुंबईला पत्र धाडायचं तर इंग्रजी राज्याचं तिकीट लागे, म्हणून एकाच संदुकीत दोन राज्यांची तिकिटं सापडतात. हा प्रकार १९५०मध्ये संपला. पुढच्या काळाच्याही खुणा आहेत. पैशांतली किंमत असेल तर १ एप्रिल १९५७ नंतरचं. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. आणि नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचं 'शरणार्थी सहायता'चं तिकीट असेल तर नोव्हेंबर १९७१ ते मार्च १९७३. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांसाठी पत्रामागं तो जादा आकार होता. घाईत काही गावांत कुटुंबनियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावर हातानंच शिक्के मारले गेले. हे हातशिक्के असलेले लिफाफे संग्राहक शोधत असतात, आणि शिक्का बनवणं सोपं असल्यानं बनावटही पुष्कळ आहेत. मामींकडचं छापील निघालं, म्हणजे सामान्य.

बाजाराबद्दल थोडकंच. कॅटलॉगातला भाव म्हणजे हातात पडणारे पैसे नव्हेत, विक्रेता बहुधा त्याचा छोटा हिस्सा देतो. आणि 'तुमच्या तिकिटाचे पाच लाख देतो, आधी नोंदणीचे दोन हजार भरा' असा फोन आला तर ठेवून द्यावा. जुन्या नोटा-नाण्यांच्या नावानं असंच चालतं, म्हणून २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेलाच लोकांना सावध करावं लागलं होतं.

मामींना मी सांगितलं, स्लॅब यातून पडणार नाही. लिफाफे न कापता, न दुमडता, साध्या कोऱ्या कागदाच्या पाकिटांत घालून कोरड्या कपाटात ठेवले. एकच बाहेर आहे, मोमिनाबादचा. त्याच्या पाठीवर आणखी एक शिक्का आहे, अर्धा पुसलेला. उजेड तिरपा पाडून फोटो काढला तेव्हा तीन अक्षरं वर आली. उर्दू शाळेतले निवृत्त सर शुक्रवारी नमाजानंतर येतो म्हणालेत. मामींनी त्यांच्यासाठी धपाट्यांचं पीठ आधीच दळून आणलंय.